दालनाची ओ कोणी चोरली?

१

या, जरा पुढे सरकून बसा. भिंतीला टेकलेल्यांनीसुद्धा या. भिंत कुठे पळून जात नाही. आज एका चोरीची गोष्ट सांगायची आहे. पण घाबरू नका, ऐकून घरी गेल्यावर कुणी दाराला जास्तीचं कुलूप घालणार नाही. चोरीला गेली ती वस्तू दिसत नव्हती, तिला वजन नव्हतं, ती पिशवीत मावत नव्हती. तरी एका सकाळी ती जागेवर नव्हती, आणि तिच्यापायी एका भल्या माणसाचा जीव टांगणीला लागला.

डोंगराच्या उंच कड्यात एक जुनं शहर आहे. बांधलेलं नव्हे, कोरलेलं. घरं कातळात, गल्ल्या कातळात, धान्याची कोठारं, पाण्याची टाकी, सगळं एकाच दगडातून पोखरून काढलेलं. शत्रू आला की अख्खी वस्ती आत शिरायची आणि जात्याच्या तळीसारखा एक थोरला दगड खाचेतून ढकलून दार बंद करून टाकायची. तटाला बाण मारायच्या फटी अजून आहेत; त्यांतून आता फक्त वारा मारा करतो.

ते शहर पाहायला येणाऱ्यांना वाट दाखवायचं काम मामांचं. नात्याने ते तिथे कुणाचेच मामा नव्हते, पण सगळे मामाच म्हणत. टोपी किंचित तिरकी, आवाज पहाडी, आणि सगळा भार देवावर टाकून चालणारा स्वभाव. शहराच्या पोटात एक मोठं दालन होतं. मामा लोकांना तिथे उभं करत, डोळे मिटत आणि खणखणीत हाक मारत, "देवाऽऽ!"

आणि दालन ओ देई. देवा... देवा... देवा... प्रत्येक वेळी आधीपेक्षा हळू, दूर चालत गेल्यासारखं. बडबडणारी माणसंही चूप होत. मग मामा म्हणत, "बघा, आपण एकदा हाक मारायची, पुढचं डोंगर बघून घेतो."

त्या दिवशी खात्याचे साहेब आले, आणि सांगितलेल्या वेळेच्या पुष्कळ आधी आले. नाकावर चष्मा, बगलेत कागदांची फाइल, बुटांना नाल. दालनाची वाट लांब, पायऱ्या झिजलेल्या. म्हणून पाहुण्यांची फेरी आखूड करून दालनाला कुलूप घालायचं, असं खात्याच्या मनात होतं. मामांना खाली गाड्या लावतात तिथे पावत्या फाडायला बसवायचं, हेही ठरत आलं होतं.

"साहेब, एकदा ऐका. मग तुमच्या मनाला येईल ते करा," मामा म्हणाले.

"ऐकायलाच आलोय, मामा. खास काही असेल तर दालन राहील. माझं दालनाशी वैर नाही."

सकाळच्या पहिल्या पाहुण्या म्हणून दोन बहिणी आल्या होत्या, त्याही मागोमाग आत आल्या. थोरली ताई दर पायरीवर धापा टाकत होती. धाकटी काटक, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा, डोळे चिमणीसारखे भिरभिरे. ताईच्या मुलांची सवय म्हणून ताईही तिला मावशीच म्हणायची.

मामांनी टोपी सारखी केली, डोळे मिटले, छाती भरून श्वास घेतला.

"देवाऽऽ!"

आवाज गेला आणि ओल्या मातीत दगड पडावा तसा जागच्या जागी बसला.

मामांनी डोळे उघडले. पुन्हा हाक मारली. मग टाळी वाजवली. काही नाही. दालन तोंड मिटून उभं.

साहेबांनी घसा खाकरला. त्यांनाच अवघडल्यासारखं झालं. "मामा, मी तिकिटाच्या खोलीत बसून कागद पुरे करतो. ते झाले की कुलूप घेऊन येतो." आणि नालांचा खटखट आवाज करत ते निघून गेले.

मामा तिथेच दगडी ओट्यावर बसले. "काल दुपारी तर होती हो," ते कुणाला तरी सांगावं तसं स्वतःशीच म्हणाले. "काल दुपारी अशी ओ दिली की एका पाहुण्याच्या हातातली छत्री गळून पडली."

मावशी दालनाच्या मधोमध उभी राहून वर बघत होती.

"मामा," ती म्हणाली, "काल होती आणि आज नाही, म्हणजे ती गेलेली नाही. कुणीतरी नेलीय."

२

"सुरू झालं हिचं," ताई म्हणाली. "जन्मभर लहान मुलांच्या दवाखान्यात परिचारिका होती, मामा. निवृत्त झाली, पण नाडी धरायची खोड काही जात नाही."

"डोंगराची नाडी कधी धरली नव्हती, तेवढी आज धरते," मावशी म्हणाली. "तू चहा घ्यायला जा, तुझे गुडघे मला शिव्या देतायत. मामा, ते वर कसले झरोके?"

दालनाच्या एका भिंतीत, पार उंचावर, गोल झरोक्यांची ओळ होती. खालून बघितलं तर नुसते काळे ठिपके.

"हवेसाठी असतील. मागे वरच्या अंगाला जुनं कोठार आहे. तिथे पाहुण्यांना नेत नाहीत. तिकिटाच्या खोलीतून एकच जिना वर जातो, आणि माझ्या पायांनी त्या जिन्याशी फारकत घेतलीय."

एवढ्यात एक पारवा भरारी घेऊन आत आला. सरळ एका झरोक्याकडे गेला, तिथे पंख फडफडवत क्षणभर थबकला, आणि आपलंच घर आतून कुणी लावून घ्यावं तसा रागाने वळून कडेच्या कंगोऱ्यावर जाऊन बसला.

मावशी हसली. "चला मामा. तुमच्या माणसांना भेटू. तुमचा संशय कुणावर?"

मामांना असा प्रश्न कुणी कधी विचारला नव्हता. माणसांवर संशय घेणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. तरी ते हळूच म्हणाले, "गवंडी. दालनापलीकडच्या वाटेत खांब दुरुस्त करतोय. भेगांत चुना भरतो. कुठली तरी नको ती भेग बुजवली असेल."

गवंडी खांबापाशी उकिडवा बसून खरवडत होता. मांजर भांड्याचा तळ चाटतं तेवढासा आवाज.

"काय रे, हातोडी कुठाय तुझी?" मामांनी विचारलं.

"असू दे की. छिन्नी बोथट झालीय."

"दालनात कुठे चुना भरलास का?"

गवंड्याने मान वर केली. "मी भेगा बुजवतो मामा, तोंडं नाही. तुमच्या दालनाला मी हात लावलेला नाही. खालून तर नाहीच."

"खालून नाही," मावशी म्हणाली आणि छिन्नी उचलून तिने धारेवर अंगठा टेकवला. अंगठा झटकन मागे घेतला. "छान बोथट आहे हो. भाजी चिरता येईल."

गवंडी कानापर्यंत लाल झाला आणि पुन्हा खरवडायला लागला.

३

महाद्वारापाशी खात्याने एक लोखंडी फाटक बसवलं होतं. मावशीने ते उगाच ढकललं, ओढलं, पुन्हा ढकललं. फाटक मुकाट्याने हललं.

"अरेच्चा!" मामा थबकले. "हे तर रोज गाढवासारखं ओरडायचं. मी खात्याला किती वेळा सांगितलं!"

"खात्याने नाही ऐकलं, दुसऱ्या कुणीतरी ऐकलंय. बिजागरीला ताजं तेल आहे."

फाटकाशेजारी टेबल टाकून तिकिटं देणारी पोर उभी होती. एरवी ती आतल्या खोलीत बसायची. आज खोली साहेबांनी घेतली म्हणून बाहेर. लग्नाला दोन-अडीच वर्षं झालेली, चेहरा गोड, डोळ्यांखाली काळं. समोर कुणी गिऱ्हाईक नव्हतं, तरी ती बसत नव्हती. या पायावरून त्या पायावर, त्या पायावरून या पायावर, संथ डुलत होती. आणि दर थोड्या वेळाने तिकिटाच्या खोलीकडे बघत होती.

"पोरी, साहेबांनी कागद संपवले का गं?" मामांनी विचारलं.

"नाही मामा. बसलेत अजून. जिन्याच्या दारालाच खुर्ची लावून बसलेत." तिचा आवाज दोऱ्यावर चालल्यासारखा होता. "मामा, दालन खरंच... खरंच नाही बोललं?"

"नाही गं."

तिने ओठ चावला. ओढणी खांद्यावर सरकवून घेतली. मावशीचं लक्ष तिथेच होतं.

"खांद्यावर काय सांडलं, बाळा?"

"चहा."

"खांद्यावर चहा सांडणारी मी पहिलीच बघितली," मावशी इतक्या मायेने म्हणाली की पोरीला राग यायच्या ऐवजी डोळेच भरून आले. तेवढ्यात कुणी पाहुणे आले आणि ती त्यांच्याकडे वळली.

चालता चालता मावशीने विचारलं, "हिला मूल आहे ना?"

"आहे की. सहा-सात महिन्यांची मुलगी. पण ती घरी असते, सासूपाशी. इथे कुणी कामावर मूल आणायचं नाही असा नियमच आहे. ती बघा पाटी, साहेबांच्याच सहीची. आणलं तर नोकरी जाते."

चहाच्या टपरीवर ताई पाय पसरून बसली होती. चहावाली म्हणजे मोठं प्रकरण. घाटाच्या पायथ्याशी गाडी थांबली की वरून हाक मारून किती चहा टाकू ते विचारणारी बाई. मामांशी तिचं रोजचं भांडण होतं. तुमच्या हाकेने माझं दूध नासतं, असं ती म्हणायची. मामांनी मावशीच्या कानात सांगितलं, "हिच्यावरही थोडा संशय आहे."

आज मात्र चहावालीने कप चौपदरी फडक्यावर ठेवले. चमचा कपाला लागू न देता साखर ढवळली. "घ्या," ती कुजबुजली.

"काय झालं गं तुझ्या आवाजाला?" मामांनी विचारलं.

"घसा बसलाय."

ती पाणी आणायला आत गेली तशी ताई पुढे झुकली. "खोटं बोलतेय. आत्ता खालून दूधवाला चालला होता. तिला त्याला थांबवायचं होतं, तर ही पदर खोचून पार खालच्या वळणापर्यंत धावत गेली आणि तिथून जी आरोळी ठोकली, पलीकडच्या डोंगरावरच्या शेळ्यांनी माना वर केल्या. घसा ठणठणीत आहे. आणि मी जरा मोठ्याने हसले तर मलाच दटावते, शूऽऽ म्हणून. पैसे देऊन चहा प्यायचा आणि वर शूऽऽ!"

मावशीने कप खाली ठेवला, फडक्यावर, आवाज न करता. तिच्या चेहऱ्यावर असं काही पसरलं की मामांना वाटलं, आपल्याच घरातली कुणीतरी आनंदाची बातमी घेऊन आलीय.

"मामा, सापडला चोर," ती म्हणाली. "पण एक नाही. तुमचा सगळा डोंगर सामील आहे."

४

दोघं दालनात परत आली. मावशीने मामांना ओट्यावर बसवलं.

"ज्या घरात फाटकाला तेल घालतात, कपाखाली फडकं ठेवतात, हातोडी असून नखाने खरवडल्यासारखं काम करतात, आणि गडगडाटी बाई हाक मारायला वळणापर्यंत धावते, त्या घरात काय असतं मामा? मी जन्मभर अशीच घरं बघितली."

मामा गोंधळले. "आजारी माणूस?"

"आजाऱ्याच्या घरात तोंडं उतरलेली असतात. इथे सगळे चोरून हसतायत. नाही, इथे कुणीतरी झोपलंय. छोटंसं. ती पोर रिकाम्या हातांनी उभी होती तरी डुलत होती, बघितलंत? कडेवर मूल घेऊन घेऊन अंगाला तो झोका लागतो, मूल खाली ठेवलं तरी जात नाही. आणि खांद्यावरचा डाग ओला होता. मूल घरी सासूपाशी असतं तर तो इथे येईपर्यंत वाळला असता."

मामांनी वर बघितलं. कंगोऱ्यावर पारवा अजून रुसून बसला होता.

"कोठारात?" ते म्हणाले.

"कोठारात. आणि झरोक्यांत काहीतरी कोंबलंय, म्हणून त्या बिचाऱ्याला आत जाता येईना. गोधड्या असणार, दुसरं काय? मामा, तुमच्या दालनाचा आवाज वर त्या पोकळ खोलीत जातो, तिथे फिरतो आणि परत येतो. ती खोली म्हणजे दालनाचा घसा. गवंडी म्हणाला ना, खालून हात लावला नाही? वरून लावलाय. खाली ठोका पडला की वर बाळ दचकून उठत असेल. तुमच्या फेरीची वेळ झाली की पोर गोधड्या काढून बाळाला टपरीवर पोचवत असणार. पण आज साहेब वेळेआधी आले, आणि जिन्याच्या तोंडाशीच खुर्ची टाकून बसले."

 एवढे दिवस सगळ्यांनी मामांपासून लपवलं होतं. का, ते त्यांना उमगलं, आणि उमगलं तेव्हा त्यांचे कान तापले. आपल्या हाकेपायी एक लेकरू रोज झोपेतून उचललं जात होतं आणि आपण डोळे मिटून देवाला हाका मारत होतो.

"आता ऐका," मावशी म्हणाली. "हे साहेबांना सांगितलं तर गोधड्या निघतील, तुमचं दालन वाचेल. पण पोरीची नोकरी त्या पाटीखाली आहे. नाही सांगितलं तर पोर वाचेल आणि तुम्ही उद्यापासून पावत्या फाडाल. मी पाहुणी. हा निवाडा माझा नाही."

मामांनी तोंड उघडलं, आणि तेवढ्यात वाटेवरून नालांचा आवाज आला. खट, खट, खट. साहेबांच्या हातात कुलूप होतं.

५

त्यांच्या मागोमाग गवंडी आला. टपरी सोडून चहावाली आली, ताई आली. सगळ्यांत शेवटी तिकिटवाली पोर, दाराच्या चौकटीला धरून.

"काही उलगडा झाला का, मामा?" साहेबांनी विचारलं. विचारताना त्यांच्या आवाजात थोडी आशा होती, हे मावशीने नंतर ताईला सांगितलं.

मामांनी एकदा दालनाकडे बघितलं. छताला जुन्या चुलींचा धूर अजून काळा दिसत होता. मग त्यांनी पोरीकडे बघितलं. ती पुन्हा डुलत होती.

"साहेब," मामा म्हणाले, "दालनाने ओ दिली नाही, हे तुम्ही आपल्या कानांनी ऐकलंत. घाला कुलूप. देव काही एका दालनात राहत नाही. गाड्यांपाशीही असेलच की, धूर खात."

चहावालीने पदर तोंडावर धरला. गवंड्याने मान खाली घातली. साहेबांनी कुलूप उघडायला किल्ली लावली.

"नका!" पोर ओरडली, आणि आपल्याच आवाजाला घाबरून तिने तोंडावर हात ठेवला. मग बोटांच्या फटीतूनच बोलली, "मामांचं दालन मुकं नाहीये साहेब. मी मुकं केलंय. वर माझी मुलगी झोपलीय. सासूबाई पाय घसरून पडल्या, त्यांचा पाय प्लास्टरात आहे. घरी बघायला कुणी नाही. हे आठ दिवस मी तिला आणते. दोष माझा आहे, ह्यांच्यातल्या कुणाचा नाही."

"गोधड्या मी कोंबल्या," गवंडी म्हणाला.

"आणि दिल्या कुणी? चांगल्यातल्या दिल्या," चहावाली म्हणाली. तिचा आवाज एकदम पूर्ववत झाला होता.

"पोरी, मला का नाही सांगितलंस?" मामांनी विचारलं. "मी हाक मारायची थांबवली असती."

"म्हणूनच नाही सांगितलं! तुम्ही थांबवली असती." ती रडता रडता रागावली. "तुमची हाक बंद पाडून मी तिला कुठल्या तोंडाने झोपवणार होते?"

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, घातला. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळेना. "पाटीवर माझी सही आहे," ते म्हणाले. "मला वर जाऊन पाहावं लागेल."

६

साहेब, मावशी, गवंडी आणि पोर जिना चढून वर गेले. मामा आणि ताई आपापले गुडघे धरून दालनात थांबले. चहावाली जिन्याच्या तोंडाशी, दोन्हीकडचं ऐकत.

थोड्या वेळाने वरून धूळ गळली. एका झरोक्यातून गोधडीचं टोक मागे ओढलं गेलं. मग दुसऱ्यातून, मग तिसऱ्यातून. मामांनी मान वर करून बघितलं, आणि त्यांना वाटलं, दालनाने एक मोठा श्वास घेतला.

आणि बाळ उठलं.

आधी कुरकुर, मग एक लांब, खणखणीत टाहो. तो झरोक्यांतून खाली आला, भिंतींवरून फिरला, आणि एका बाळाची चार बाळं झाली. ताईने कानांवर हात ठेवले. चहावाली जिन्यावरून ओरडली, "झालं! आईला बाळ झोळीतून घेता येईना, दोर अडकलाय. मामा, काहीतरी करा!"

मामा काय करणार? त्यांना एकच गोष्ट येत होती. पण या वेळी त्यांनी छाती भरून घेतली नाही. दुसऱ्याच्या घरात पाऊल टाकावं तितक्या हलक्या आवाजात ते म्हणाले, "देवाऽऽ..."

आणि दालनाने काय केलं माहीत आहे? मोठ्या हाकेला ते तीनदा ओ द्यायचं. या हळू हाकेला ते देतच राहिलं. देवा, देवा, देवा... आवाज वर गेला, खोलीत फिरला, खाली आला, पुन्हा वर गेला, झोक्यासारखा. रडणं थांबलं. सगळीकडे शांत झालं. मग वरून आवाज आला, "अगूऽ?"

अगू... अगू... अगू... दालन म्हणालं.

वर बाळ खिदळलं, तशी सगळी भिंत खिदळली. आजवर हाक मामांची आणि ओ दालनाची. आज हाक वरून आली होती, आणि ती कुणाला होती ते मामांना कुणी सांगावं लागलं नाही.

"ओऽ!" मामा म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांना धार लागली.

७

साहेब खाली आले तेव्हा त्यांच्या गुडघ्यांना धूळ होती, केसांत गोधडीचा कापूस होता, आणि ते इतक्या भराभर बोलत होते की आधी कुणाला काही कळेना.

"तिने झोळी छताच्या कड्यांना बांधलीय! कड्या कातळातच कोरलेल्या आहेत. आम्ही आजवर समजत होतो, धान्याची पोती टांगायला. पण मी आत बोट घालून पाहिलं. पोतं नुसतं लटकतं, दगड खालच्या बाजूने झिजतो. ह्या कड्या दोन्ही अंगांना झिजल्यात, आरशासारख्या गुळगुळीत! म्हणजे तिथे जे टांगलं होतं ते झुलत होतं. वर्षानुवर्षं झुलत होतं. ओळीने कड्या आहेत, मामा, ओळीने!"

"आणि झरोके," मावशी मागून म्हणाली. तिच्या कडेवर बाळ होतं आणि ते तिचा अंबाडा सोडवत होतं. "खालून उंच दिसतात, पण वरच्या खोलीत ते माझ्या कमरेपाशी आहेत. बरोबर झोळीच्या उंचीला. हवेसाठी कुणी खिडकी कमरेला ठेवतं का?"

साहेब दालनाच्या मधोमध उभे राहिले. "वेढा पडला की सगळी माणसं इथे जमत असणार. वर तान्ही मुलं झोपलेली, खाली आया. ही ओ..." त्यांनी मान वर करून झरोक्यांकडे बघितलं. "ही ओ गमतीसाठी कोरलेली नाही. वर एखादं बाळ नुसतं कुरकुरलं तरी खाली आईला कळावं म्हणून कोरलीय."

 बाळ "अगू" म्हणालं, आणि दालनाने दुजोरा दिला.

"दालन राहील," साहेब म्हणाले. "वरची खोलीही दाखवायची. मामा, तुमच्यावाचून ती कोण दाखवणार?" मग ते पोरीकडे वळले आणि त्यांचा चेहरा पुन्हा सहीसारखा सरळ झाला. "राहिला नियम. कर्मचाऱ्याने कामावर मूल आणायचं नाही."

पोरीने मान खाली घातली.

"पण पाच वर्षांखालच्या पाहुण्यांना प्रवेश मोफत आहे, ही दुसरी पाटी. तिच्यावरही माझीच सही आहे. मूल कर्मचाऱ्याबरोबर न येता दुसऱ्या कुणाबरोबर आलं तर..." ते छताकडे बघत थांबले.

चहावालीला समजायला वेळ लागला नाही. "ही रोज माझ्याबरोबर येते की! मी कुठे कर्मचारी? मी तर चहावाली. हिला डोंगर बघायची भारी हौस."

"मग नियम मोडला कुठे?" साहेब म्हणाले आणि त्यांनी बाळापुढे एक बोट केलं. बाळाने बोट सोडून चष्मा धरला.

ताई म्हणाली, "आता तरी मोठ्याने हसू का?"

त्या दिवशी टपरीवर कप आपटत, चमचे वाजवत सगळ्यांनी चहा घेतला. आता दालनात जाल तर मामा हळू आवाजात हाक मारतात आणि आलेल्यांनाही हळूच मारायला सांगतात. लोक कान लावून थांबतात, कारण हळू हाकेची ओ संपता संपत नाही.

आता उठायच्या आधी एवढंच करा. ज्याने ते झरोके कोरले त्याचं नाव कुठे लिहिलेलं नाही. बाहेर शत्रू बसलेला, आत धान्य मोजून मापून, आणि त्या माणसाने कातळ फोडता फोडता विचार केला की रात्री एखादं बाळ रडेल, ते त्याच्या आईला ऐकू जायला हवं. आपल्याला त्याचा चेहरा ठाऊक नाही, बोली ठाऊक नाही. आज घरी जाऊन दिवा मालवताना, देवाचं नाव घ्याल तेव्हा त्याच्या शेजारी त्या माणसाचीही एकदा आठवण काढा.